दर नोंदीमागं २३२ बाइट

आमचं उपकरण छोटं आहे. ६४ बिटी आर्म प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि त्यावर लिनक्स. एका बाजूनं आलेली नेटवर्क पॅकेट दुसऱ्या बाजूला पोचवायची आणि कुठलं कनेक्शन कुठल्या अवस्थेत आहे याची नोंद ठेवायची, एवढंच त्याचं काम. नोंद ठेवणारं कर्नल मॉड्यूल (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडलेला भाग) आमच्याकडं बऱ्याच वर्षांपासून चालत आलेलं, अनेकांचे हात लागलेलं. नव्या आवृत्तीत एकाच वेळी दोन लाख कनेक्शन सांभाळायची असं ठरलं. चाचणीत तेवढा भार टाकला आणि ओओएम किलरनं (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा भाग) कॉन्फिगरेशन सांभाळणारा साधासुधा यूजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेरचा, प्रोग्रॅम उचलून मारला. त्या बिचाऱ्याकडं घेण्यासारखं फार काही नव्हतंच. मेमरी कर्नलकडं होती, पण ओओएम किलर प्रोसेस मारतो. कर्नलच्या आतल्या ढिगाला तो हात लावू शकत नाही.

रॅम वाढवणं शक्य नव्हतं, कारण उपकरणं आधीच लोकांकडं पोचलेली होती. राहिला एकच रस्ता: कर्नलमधल्या डेटा स्ट्रक्चरचा (कोडमध्ये त्याला स्ट्रक्ट म्हणतात, त्यातल्या एकेका भागाला फील्ड) आकार कमी करायचा. काम माझ्याकडं आलं.

अशा कामात हात लगेच कोडकडं जातो. मी आधी मेमरी नक्की कुठं गेली ते शोधायला बसलो, आणि अजूनही माझं मत असं आहे की निम्मं काम तेच असतं. प्रॉक फाइलसिस्टिममधली मेमइन्फो ही फाइल सगळ्यांना माहीत असते, पण बहुतेक जण त्यातली मोकळ्या मेमरीची ओळ वाचून थांबतात. कर्नलचा हिशेब खालच्या ओळींत असतो. कर्नल स्टॅकची वेगळी ओळ आहे (आमच्या प्रोसेसरवर दर थ्रेडमागं १६ केबी), पेज टेबलची (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) वेगळी, पर-सीपीयू मेमरीची (प्रत्येक सीपीयूची स्वतंत्र जागा) वेगळी. स्लॅबची, म्हणजे कर्नल आपल्या लहान वस्तूंसाठी घेतो त्या मेमरीची, ओळ पुढं दोन भागांत फुटते: दबाव आला तर परत मिळू शकणारी आणि न मिळणारी. फाइलसिस्टिमचे डेंट्री आणि आयनोड (फाइलींची नावं आणि माहिती यांच्या लक्षात ठेवलेल्या नोंदी) पहिल्या भागात येतात. ते कितीही फुगलेले दिसले तरी घाबरायचं कारण नाही, गरज पडली की कर्नल ते स्वतःच सोडतो. आमच्यासारख्या मॉड्यूलनं घेतलेलं सगळं दुसऱ्या भागात.

काही गोष्टी मात्र या फाइलमध्ये कुठंच दिसत नाहीत. एखाद्या ड्रायव्हरनं पेज अ‍ॅलोकेटरकडून थेट पेज (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) घेतली तर ती ना स्लॅबमध्ये मोजली जातात ना आणखी कुठं. सगळ्या ओळींची बेरीज करून वजाबाकी केल्यावर जे उरतं त्यात ती लपलेली असतात. आणि मुळात एकूण मेमरीचा आकडाच २५६ एमबी दिसत नाही, कारण कर्नलची इमेज आणि प्रत्येक पेजचं वर्णन करणारं स्ट्रक्ट पेज हे आधीच वजा झालेलं असतं. ४ केबीच्या प्रत्येक पेजमागं हे स्ट्रक्ट ६४ बाइट घेतं. आमच्या ६५,५३६ पेजना मिळून ४ एमबी. आम्हाला हे फारसं जाणवत नाही, पण २५६ जीबीच्या सर्व्हरवर याच प्रमाणानं ४ जीबी जातात, तेही एकही प्रोग्रॅम सुरू होण्याआधी. त्यामुळं मोठ्या यंत्रांवर काम करणारी मंडळी या ६४ बाइटांमागं हात धुऊन लागलेली असतात. लिनक्सच्या ५.१४ आवृत्तीत त्यांनी ह्यूज पेजसाठी, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पेजसाठी, एक छान युक्ती आणली. २ एमबीच्या एका ह्यूज पेजला ५१२ स्ट्रक्ट पेज लागतात, म्हणजे ३२ केबी, म्हणजे ८ पेज. त्यातली पहिली काही स्ट्रक्ट सोडली तर बाकीच्यांत तीच ती माहिती असते. मग ती सगळी एकाच पेजवर मॅप करायची आणि उरलेली पेज परत करायची. सुरुवातीला आठातली सहा सुटत होती, नंतर सात सुटू लागली. हे वाचल्यापासून कुठल्याही स्ट्रक्टकडं बघताना ‘यातलं पुन्हा पुन्हा तेच काय आहे?’ असा प्रश्न मला पडायला लागला, आणि पुढं तो उपयोगी आला.

आमच्याकडं कनेक्शन वाढतील तशी परत न मिळणाऱ्या स्लॅबची ओळ सरळ रेषेत चढत होती. स्लॅबटॉप हा प्रोग्रॅम आकारानुसार लावून बघितला तर सगळ्यात वर केमॅलॉक-२५६, म्हणजे २५६ बाइटांचे कप्पे देणारा साठा (अशा साठ्याला कॅश म्हणतात). आता केमॅलॉक-२५६ हा काही कुणा एकाचा नसतो. त्या मापाची मेमरी मागणारा कर्नलमधला कुणीही तिथं येतो. आमचाच हात आहे अशी शंका होती, पण शंकेवर काम सुरू करायचं नव्हतं. बूट करताना स्लबच्या (कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाच्या) डीबग पर्यायातलं यू हे अक्षर फक्त त्या एका कॅशसाठी चालू केलं. त्यानं प्रत्येक वाटपामागं मागणाऱ्या फंक्शनची नोंद राहते. यादीत आमचं फंक्शन पहिलं होतं आणि दुसरा त्याच्या जवळपासही नव्हता. हा पर्याय चालू असताना प्रत्येक वस्तूला ही नोंद चिकटते आणि वस्तूचा आकार वाढतो, त्यामुळं त्या बूटमध्ये आकार मोजण्यात अर्थ नसतो. ६.१० पासून कर्नलमध्ये ऑलइन्फो नावाची फाइल आली आहे, ती कोडच्या कुठल्या ओळीनं किती मेमरी घेतली हे थेट सांगते. आमचं कर्नल त्याहून जुनं, त्यामुळं हा जुना मार्ग.

एका मीटिंगमध्ये ‘लहान उपकरण आहे तर स्लॉब का वापरत नाही?’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता, कारण स्लॉब हा अ‍ॅलोकेटर लहान यंत्रांसाठीच होता. पण तो ६.४ मध्ये काढून टाकला गेला, ६.८ मध्ये स्लॅब नावाचा जुना पर्यायही गेला, आणि आता एकटा स्लबच उरला आहे. ज्याला पुढं नव्या कर्नलवर जायचं आहे त्यानं स्लॉबवर घर बांधू नये. विषय तिथंच संपला.

मग पाहोल. हा प्रोग्रॅम ज्यानं वापरला नसेल त्यानं आजच वापरून बघावा. कंपायलरनं ठेवलेली डीबग माहिती वाचून तो कुठल्याही स्ट्रक्टचा खरा नकाशा छापतो: कुठलं फील्ड कितव्या बाइटवर आहे, मध्ये भोकं (रिकामे बाइट) किती, कॅश लाइन (प्रोसेसर एका वेळी उचलतो तो मेमरीचा तुकडा) कुठं तुटते. आमच्या नोंदीचा नकाशा पाहून जरा वेळ नुसतं बघतच बसलो. एकूण २३२ बाइट. त्यात सात भोकं मिळून ३२ बाइट, शेवटी ४ बाइटांचं पॅडिंग. सगळ्यात पहिलं फील्ड नोंद चालू आहे की नाही हे सांगणारा एक बाइट, आणि त्याच्यामागं ७ बाइट रिकामे, कारण पुढं पॉइंटर होता आणि पॉइंटरला ८च्या पटीतच जागा लागते. पोर्ट क्रमांक दोन, पण शेजारी शेजारी नाहीत. एक पत्ता, एक पोर्ट, दुसरा पत्ता अशी सरमिसळ. स्ट्रक्टची फील्डं वाचताना कोणतं कधी आलं याचा इतिहासच दिसत होता. ज्याला जे लागलं ते त्यानं जिथं कर्सर होता तिथं घातलं होतं.

क्रम बदलणं सोपं. मोठी फील्डं आधी, लहान नंतर, पोर्ट एकत्र, एकेक बाइटवाली सगळी एका ओळीत. २३२चे २०० झाले. पुन्हा भार टाकला. स्लॅबटॉपमधल्या आकड्यात तसूभरही फरक नाही.

हे अपेक्षितच होतं, तरी ते टीमला प्रत्यक्ष दाखवायचं होतं म्हणून मी हा टप्पा वेगळा ठेवला. केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) तुम्ही मागाल तेवढंच देईल असं नाही. तयार कपड्यांसारखी त्याची मापं ठरलेली. ६४, ९६, १२८, १९२, २५६, मग ५१२ आणि पुढं दुप्पट. २३२ मागा किंवा २०० मागा, मिळणार २५६च. आमच्या आर्मवर तर परिस्थिती आणखी तंग होती. ६.५ च्या आधी त्या आर्किटेक्चरवर केमॅलॉकचं किमान माप १२८ होतं, डीएमएच्या (हार्डवेअरनं मेमरी थेट वाचण्या-लिहिण्याच्या) अलाइनमेंटसाठी, म्हणजे ठराविक पटीतल्या पत्त्यासाठी. म्हणजे २० बाइट मागितले तरी १२८ जाणार, आणि ९६ किंवा १९२ ही मापंच नाहीत. म्हणून ‘मी स्ट्रक्टमधले ३२ बाइट वाचवले’ हे वाक्य अपुरं आहे. एका पेजमध्ये आधी किती नोंदी बसत होत्या आणि आता किती बसतात, हे सांगितलं तरच त्याला अर्थ. आधी १६ बसत होत्या, अजूनही १६च.

त्यावरचा उपाय स्वतःची कॅश काढणं. केमेम-कॅश-क्रिएटला आपल्या स्ट्रक्टचा आकार दिला की स्लब त्याच आकाराचे कप्पे पाडतो. एकाच जातीच्या वस्तूंसाठी एक कॅश ही मूळ कल्पना जेफ बॉनविक यांनी सनच्या सोलारिससाठी १९९४ साली मांडलेल्या स्लॅब अ‍ॅलोकेटरची, आणि आजवर ती बदललेली नाही. २०० बाइटांच्या कप्प्यानं एका पेजमध्ये २० नोंदी बसल्या.

इथं एक गंमत झाली. नवी कॅश काढली, मॉड्यूल चढवलं, स्लॅबइन्फो या कॅशच्या यादीत आमचं नाव शोधलं तर नावच नाही. मॉड्यूल चालू, कनेक्शन चालू, पण कॅश गायब. स्लब सारख्याच आकाराच्या आणि गुणधर्मांच्या कॅश परस्पर एकत्र करून टाकतो, त्यामुळं आमची कॅश दुसऱ्याच कुठल्या तरी नावाखाली नांदत होती. सिस फाइलसिस्टिममधल्या स्लॅबच्या फोल्डरात आमचं नाव होतं, पण तो नुसता सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या नावाकडं दाखवणारा दुवा. हे एकत्रीकरण एरवी चांगलंच, त्यानं मेमरी वाचते. पण मोजमाप करताना ते बंद ठेवावं लागतं; त्यासाठी बूट करताना स्लॅब-नोमर्ज हा पर्याय आहे.

इथवरचं काम यांत्रिक होतं. खरी कमाई पुढं झाली, आणि ती कोडपेक्षा विचारपूस करण्यातून झाली. मी स्ट्रक्टमधलं एकेक फील्ड घेऊन तीन गोष्टी शोधायला लागलो: हे कोण लिहितं, कोण वाचतं, आणि वाचणाऱ्याला ते दुसरीकडून मिळेल का.

पहिला नंबर टायमरचा. प्रत्येक नोंदीत एक स्वतंत्र टायमर होता, मुदत संपली की नोंद काढून टाकण्यासाठी. टायमरचं स्ट्रक्ट ४० बाइटांचं. शिवाय शेवटचं पॅकेट कधी आलं याची वेळ ८ बाइटांत वेगळी. पण कुठल्या अवस्थेला किती मुदत हे तर एका छोट्या टेबलात ठरलेलंच आहे. शेवटची वेळ आणि अवस्था माहीत असली की मुदत संपली का हे नुसत्या वजाबाकीनं कळतं. मग दोन लाख टायमर कशाला? टायमर काढले, शेवटची वेळ ३२ बिटांत ठेवली आणि एकच वर्कर (मागं चालत राहणारं काम) लावला. तो यादीच्या जुन्या टोकापासून थोड्या थोड्या नोंदी तपासत जातो. मुदत संपलेली काढतो, जिवंत असलेली उचलून नव्या टोकाला ठेवतो. वर्कर पोचायच्या आधी एखादी मेलेली नोंद शोधात सापडलीच तर शोधणारं कोडच तिला नाही असं मानतं. ३२ बिटी वेळ फिरून पुन्हा शून्यावर येईल ही शंका लगेच आली. आमच्या कर्नलमध्ये सेकंदाला २५० टिक. चिन्ह धरून केलेल्या (साइन्ड) वजाबाकीनं साधारण ९९ दिवसांपर्यंतचं अंतर बिनचूक कळतं, आणि आमची सगळ्यात लांब मुदत ५ दिवसांची. ४८ बाइटांचे ४ झाले. ही युक्ती काही माझी नाही. लिनक्सच्या स्वतःच्या कनेक्शन-ट्रॅकिंगनं २०१६ मध्ये, ४.९ आवृत्तीत हेच केलं होतं. पॅकेटगणिक टायमर पुढं ढकलण्याचं कामही वाचलं, ते बोनस.

दुसरा नंबर इंटरफेसच्या (नेटवर्क जिथं जोडलं जातं त्या टोकाच्या) नावाचा. १६ बाइटांचं नाव, आणि शेजारी त्याच इंटरफेसच्या स्ट्रक्टचा ८ बाइटांचा पॉइंटर. त्या स्ट्रक्टमध्ये नाव असतंच. नाव का ठेवलं होतं हे शोधत जुन्या कमिटपर्यंत (कोडमधल्या बदलाच्या नोंदीपर्यंत) गेलो तर ते एका लॉगच्या ओळीसाठी होतं, आणि ती ओळ मागंच काढून टाकलेली होती. इंटरफेसचं नाव नंतरही बदलता येतं, म्हणजे ही प्रत अधूनमधून खोटंही बोलत असणार. पॉइंटरचं दुखणं वेगळं. तो ठेवायचा तर इंटरफेसचा रेफरन्स (‘मी हे वापरतोय’ अशी खूण) धरून ठेवावा लागतो, आणि कुणी इंटरफेस काढायला गेलं की कर्नल ‘मोकळा होण्याची वाट बघतोय’ असा संदेश लॉगमध्ये ओतत बसतो. दोन्ही काढून ४ बाइटांचा इंटरफेस क्रमांक ठेवला. क्रमांकावरून इंटरफेस शोधायला हॅशमध्ये (पटकन शोधण्यासाठीच्या टेबलात) एक जास्तीची फेरी पडते. ती मला परवडली.

नोंद कधी तयार झाली ती वेळ: वाचणारं कुणीच नाही. चुकांची संख्या: एकूण किती एवढंच बघितलं जात होतं, म्हणून ती पर-सीपीयू एकाच जागी नेली. पॅकेटांची मोजणी ३२ बिटांत आणू का असं विचारलं तर रिपोर्ट बनवणाऱ्यांनी ठाम नकार दिला. तो मी मानला. बाइटांची मोजणी तर ३२ बिटांत ठेवताच येत नाही. ४ जीबीनंतर शून्यापासून सुरू.

आरसीयूच्या (वाचणारे सगळे मोकळे होईपर्यंत वस्तू राखून ठेवायच्या कर्नलच्या पद्धतीच्या) १६ बाइटांनी सगळ्यात जास्त विचार करायला लावला. नोंद टेबलातून काढली तरी लगेच मोकळी करता येत नाही, कारण दुसऱ्या सीपीयूवर कुणीतरी अजून ती वाचत असू शकतो. म्हणून आरसीयूच्या हवाली करायची, आणि त्यासाठी नोंदीतच १६ बाइटांचं आरसीयू-हेड लागतं. नोंद जिवंत असेपर्यंत या १६ बाइटांना काही काम नाही. मग मरतेवेळी ज्यांचं काम संपलेलं असतं अशा दुसऱ्या १६ बाइटांवर ते युनियननं (एकच जागा दोन कामांना वापरून) बसवायचं. स्ट्रक्ट पेज, डेंट्री, आयनोड सगळीकडं हे केलेलं दिसतं. डेंट्रीमध्ये आरसीयू-हेड उपनामांच्या यादीच्या जागेवर बसतं. प्रश्न फक्त जागा कुठली घ्यायची हा. एका सहकाऱ्यानं सुचवलं की पॅकेट आणि बाइटांच्या दोन मोजण्या मिळून बरोबर १६ होतात, त्यावर बसव. कागदावर सुरेख. पण जो वाचक अजून नोंद धरून आहे तो मोजणी वाढवूही शकतो, आणि तेव्हा तो आरसीयू-हेडमधल्या फंक्शन पॉइंटरमध्ये बेरीज करत असेल. असा क्रॅश हजारांतून एखाद्या उपकरणावर येतो आणि कुणालाच उलगडत नाही. हॅशच्या साखळीचा दुवाही चालत नाही, कारण वाचक त्याच दुव्यावरून पुढं जात असतो. जुन्या-नव्या यादीचा दुवा मात्र चालतो. त्याला फक्त लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) घेतलेलं कोड हात लावतं, वाचक कधीच नाही, आणि यादीतून काढल्यावर तो कुणालाच लागत नाही. तोही १६ बाइटांचाच. तिथं बसवलं आणि वर कॉमेंटमध्ये कारण सविस्तर लिहिलं, कारण उद्या वाचणाऱ्या कोडनं त्या यादीला हात लावला तर हे सगळं कोसळेल.

एकेक बाइटाचे दोन झेंडे होते: चालू आहे का, आणि हार्डवेअरकडं सोपवलं आहे का. बिटफील्ड करून (प्रत्येकाला एकच बिट देऊन) दोन्ही एका बाइटात बसवावे अशी सूचना आली. नाकारली. पहिला झेंडा लॉक घेऊन बदलतो, दुसरा इंटरप्टमधून (हार्डवेअरनं हाक दिल्यावर चालणाऱ्या कोडमधून), लॉकशिवाय. बिटफील्डमधला एक बिट बदलायचा म्हणजे कंपायलर सगळा बाइट वाचतो, बदलतो आणि परत लिहितो. त्या क्षणी दुसऱ्यानं बदललेला बिट पुसला जातो. वेगवेगळ्या लॉकखालचे झेंडे एका बिटफील्डमध्ये ठेवू नयेत हे कर्नलच्या मेमरी बॅरियरच्या कागदपत्रातच लिहिलेलं आहे. एक बाइट वाचवायला एवढी जोखीम कोण घेतो?

हॅश टेबलाबद्दल एक गैरसमज मला बऱ्याच जणांत आढळला. लिस्ट-हेडऐवजी एच-लिस्ट (कर्नलमधल्या साखळीचे दोन प्रकार) वापरल्यानं नोंदीतले बाइट वाचतात असं लोक समजतात. वाचत नाहीत, दोन्हींचा नोड १६ बाइटांचाच. वाचतो तो बकेटचा (हॅशच्या एकेका कप्प्याचा) मथळा, १६ ऐवजी ८. आमच्या ६५,५३६ बकेटांचे १ एमबीचे ५१२ केबी झाले. फार नाही, पण त्या बदलाला कुणी विरोधही करत नाही.

सगळं करून नोंद १०४ बाइटांवर आली, एकही भोक न ठेवता. एका पेजमध्ये ३९. मी इथंच थांबणार होतो, पण पाहोलचा नकाशा पुन्हा काढला तेव्हा कॅश लाइनची रेघ दिसली. कॅश लाइन ६४ बाइटांची. १०४ बाइटांच्या नोंदी सलग ठेवल्या तर प्रत्येकीची सुरुवात कॅश लाइनमध्ये वेगळ्याच ठिकाणी होते, आणि शोधताना लागणारी फील्डं कधी एका लाइनमध्ये येतात, कधी दोन. दुसरं म्हणजे पॅकेटगणिक बदलणारी मोजणी आणि फक्त वाचला जाणारा पत्ता एकाच लाइनमध्ये आले तर एक सीपीयू मोजणी लिहितो आणि दुसऱ्याची शोधासाठीची लाइन बाद होते.

मग शोधाला लागणारं सगळं एकत्र केलं: साखळीचा दुवा १६, दोन पत्ते ३२, पोर्ट ४, प्रोटोकॉल-अवस्था-झेंडे ४, इंटरफेस क्रमांक ४, मार्क ४. बेरीज ६४. मी ती पुन्हा करून बघितली, कारण एवढं नीट जुळलं की संशयच येतो. दुसऱ्या लाइनमध्ये मोजण्या, यादीचा दुवा, लॉक आणि शेवटची वेळ, मिळून ४०. नोंद कॅश लाइनला अलाइन करायची तर १०४चे १२८ होणार, आणि पेजमध्ये ३९ ऐवजी ३२.

यावर बराच वाद झाला. दोन लाख नोंदींचा हिशेब असा: आधी ४८.८ एमबी, घट्ट बसवल्या तर २०, अलाइन केल्या तर २४.४. म्हणजे ४.४ एमबी हातात असून सोडायचे. मी सोडायच्या बाजूनं होतो. भाराखाली दोन्ही करून बघितल्यावर अलाइन केलेल्या नोंदींचा शोध स्पष्टच हलका निघाला, आणि पॅकेट पोचवणं हेच तर उपकरणाचं काम आहे. आता गंमत अशी की १२८ हे तर आमच्या आर्मवर केमॅलॉकचंही माप. स्वतःची कॅश काढली नसती तरी चाललं असतं! तरी ती ठेवली, कारण स्लॅब-नोमर्ज चालू असताना स्लॅबइन्फोमध्ये नावानं दिसणारी गोष्ट शोधायला शंका-कुशंका लागत नाहीत.

आयपीव्ही-४ आणि व्ही-६ च्या नोंदी वेगळ्या करण्याची कल्पनाही याच हिशेबात निकालात निघाली. व्ही-४ ची नोंद ८० बाइटांची झाली असती, पण अलाइन केल्यावर तीही १२८च. दोन कॅश, दोन प्रकारचं कोड, दुप्पट चाचण्या, आणि बचत शून्य.

शेवटी स्ट्रक्टच्या खाली एक स्टॅटिक-असर्ट टाकला: आकार १२८च्या पुढं गेला तर कंपाइलच होऊ नये. तो पहिल्याच रात्रीच्या बिल्डमध्ये फुटला, कारण डीबग बिल्डमध्ये लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा भाग) चालू असतो आणि ४ बाइटांचा स्पिनलॉक त्यात कित्येक पटींनी फुगतो. आता तो फक्त साध्या बिल्डमध्ये तपासला जातो. अलाइनमेंटमुळं रिकाम्या राहिलेल्या २४ बाइटांतले ८ नंतर एका सहकारी बाईंनी विलंब मोजायला घेतले. पॅच पाठवतानाच त्यांनी हे फील्ड कोण लिहितं आणि कोण वाचतं ते दोन ओळींत लिहून दिलं, त्यामुळं माझ्याकडं विचारायला काही उरलं नाही.

मोजमापात टेबल आणि नोंदी मिळून साधारण २५ एमबी परत आले, म्हणजे एकूण रॅमचा जवळपास दहावा भाग, आणि दोन लाख कनेक्शनांवर ओओएम किलर उठला नाही. एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. गर्दी ओसरल्यावर दोन लाखांतली दोन हजार दीर्घायुषी कनेक्शन उरली, तर त्यांना खरं म्हणजे ६३ पेज पुरतील. पण ती ६,२५० पेजांत विखुरलेली असतात, आणि एका पेजमध्ये एक जरी नोंद जिवंत असली तरी ते पेज परत जात नाही. वाईटात वाईट म्हणजे दोन हजार पेज, ७.८ एमबी, अडकून. नोंदी उचलून एकत्र करता येत नाहीत, कारण त्यांच्याकडं येणारे पॉइंटर हॅशमध्ये, यादीत आणि चालू वाचकांच्या हातात असतात. स्लॅबइन्फोमधला चालू वस्तूंचा आकडाही इथं फार मदत करत नाही. सीपीयूंपाशी राखून ठेवलेली अर्धवट पेज स्लब भरलेलीच धरतो. सध्या ते तसंच सोडलं आहे. गर्दी परत येते तेव्हा तीच पेज पुन्हा भरतात, आणि मधल्या काळात ती मेमरी या उपकरणावर दुसऱ्या कुणी मागितल्याचं अजून दिसलेलं नाही.